त्वचेने श्वास घेणारे जीव आणि आपल्या गावची पडीक जमीन

(वर्धा जिल्ह्यातील शिक्षक, पंचायत सदस्य व क्षेत्रीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या व्यासपीठावरून रस्ते, सिंचन, घरकुले आणि शाळाखोल्या यांची चर्चा व्हायची, तेथे बेडकासारख्या प्राण्यावर बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. परंतु आपल्या परंपरेला हा प्राणी परका नाही. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील १०३ वे सूक्त मंडूकांना उद्देशून आहे. पाऊस लांबला की आपल्या विदर्भात कडुनिंबाचा पाला अंगाला बांधून, काठीला बेडूक लटकवून, मुले घरोघर धोंडी मागत फिरत. पाऊस आणि बेडूक यांचे नाते आपल्या पूर्वजांनी ओळखले होते. त्या नात्याचा शास्त्रीय अर्थ काय, आणि ते आज कोठे तुटू लागले आहे, हे मला आपल्यापुढे ठेवावयाचे आहे.

फुप्फुसाविना जगणारे प्राणी

पाण्यात आणि जमिनीवर अशा दोन्ही ठिकाणी आयुष्य काढणाऱ्या प्राण्यांना आपण उभयचर म्हणतो. त्यांचे तीन गट आहेत. बेडूक व भेक हा पहिला, पालीसारखे शेपटीवाले सॅलॅमँडर हा दुसरा, आणि गांडुळासारखे दिसणारे, मातीत राहणारे देवगांडूळ हा तिसरा. या तिन्ही गटांचा समान विशेष म्हणजे त्यांची पातळ, ओलसर आणि उघडी त्वचा. तिच्यावर केस नाहीत, पिसे नाहीत, माशासारखे खवलेही नाहीत. हवेतील प्राणवायू त्वचेवरील ओलाव्यात विरघळतो आणि त्वचेखालील सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून थेट रक्तात जातो. बेडकाला फुप्फुसे असतात, तरीही त्याच्या श्वसनाचा मोठा भाग त्वचेवाटेच होतो.

निसर्गाने ही योजना एका कुळात अगदी टोकाला नेली आहे. सॅलॅमँडरांच्या प्लेथोडोंटिडी या कुळातील प्राण्यांना फुप्फुसे मुळीच नसतात. त्वचा आणि तोंडातील अस्तर एवढ्यावर त्यांचा सारा श्वास चालतो. या कुळात सुमारे पाचशे जाती असून जगातील एकूण सॅलॅमँडरांपैकी निम्म्याहून अधिक याच कुळातले आहेत. बहुतेक जाती अमेरिका खंडांत, थोड्या युरोपात, आणि एक कोरियात आढळते. कोरियातील ती जात २००५ मध्ये शास्त्राला ज्ञात झाली. मेक्सिको आणि ग्वाटेमाला या देशांच्या पर्वतांवर, जेथे वर्षाचा बराच काळ ढग झाडांत उतरलेले असतात, अशा अरण्यांत यांच्या कितीतरी जाती राहतात. कोणी कुजलेल्या ओंडक्याखाली, कोणी दगडाच्या फटीत, तर कोणी झाडावर वाढणाऱ्या वनस्पतींच्या पानांच्या बेचक्यात.

अशा प्राण्याचे जीवन ओलाव्यावर टांगलेले असते. त्वचा कोरडी पडली की श्वास थांबतो. त्यामुळे पर्वतावरील झाडे तोडली आणि जमिनीवर ऊन पोहोचले, तर कुऱ्हाडीचा घाव त्याच्या अंगावर न पडताही तो मरतो. मेक्सिकोच्या पर्वतांत थोरियस नावाचे अतिशय चिमुकले सॅलॅमँडर आहेत. जगातील सर्वांत लहान सॅलॅमँडरांत त्यांची गणना होते. २०१६ मध्ये त्यांच्या तीन नव्या जातींचे वर्णन प्रसिद्ध झाले, तेव्हाच त्या धोक्यात असल्याचेही सांगावे लागले. ज्या जीवाचे नामकरण आणि संकट एकाच लेखात यावे, त्याची अवस्था निराळी काय वर्णावी!

एवढ्याशा प्राण्याचे महत्त्व काय?

हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या मनात असणार, आणि तो रास्त आहे. अमेरिकेतील न्यू हँपशायर राज्यात हबर्ड ब्रुक नावाचे संशोधन-अरण्य आहे. तेथील सर्व सॅलॅमँडरांचे एकत्रित वजन किती भरेल, याचा अंदाज १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला. पक्ष्यांच्या विणीच्या काळात त्या अरण्यात जेवढे पक्षी असतात, त्यांच्या एकूण वजनाच्या जवळजवळ दुप्पट हे वजन भरले. या सॅलॅमँडरांतील बहुसंख्य फुप्फुसहीन कुळातलेच होते. डोळ्यांना क्वचित दिसणारा, आवाज न करणारा हा प्राणी अरण्याच्या जमिनीवरील किडे खातो आणि स्वतः साप, पक्षी व इतर प्राण्यांचे अन्न होतो. अन्नाच्या साखळीतील तो एक मजबूत दुवा आहे.

दुसरे उदाहरण मनुष्याच्या आरोग्याशी थेट निगडित आहे. मध्य अमेरिकेतील कोस्टारिका व पनामा या देशांत एका बुरशीजन्य रोगाने १९८० नंतरच्या दशकांत उभयचरांचा मोठा संहार केला. त्यानंतर त्या-त्या भागांत हिवतापाचे रुग्ण वाढल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखविले. ही वाढ दर हजार लोकसंख्येमागे वर्षाला सुमारे एक रुग्ण एवढी होती आणि ती काही वर्षे टिकली. उभयचर डासांच्या अळ्या खातात. खाणारे गेले आणि डास उरले. आरोग्य खात्याच्या ताळेबंदात बेडकाच्या नावाने रकाना नसला, तरी त्याचे काम तेथे जमेस धरलेले असते.

२०२३ मध्ये जगातील आठ हजारांहून अधिक उभयचर जातींचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यांतील सुमारे ४१ टक्के जाती धोक्यात आहेत, आणि सॅलॅमँडरांपैकी तर दर पाचांतील तीन. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या गटांत एवढे संकटग्रस्त कोणीही नाहीत. सर्वाधिक जातींना भेडसावणारे कारण निवासस्थानाचा नाश हेच आहे. रोग आणि हवामानातील बदल ही कारणे त्यात भर घालीत आहेत.

आपल्या राज्यातील उदाहरण

फुप्फुसहीन सॅलॅमँडर भारतात नाहीत. शेपटीवाल्या उभयचरांचे प्रतिनिधी आपल्याकडे केवळ पूर्व हिमालयात व ईशान्येकडील डोंगरांत सापडतात. दार्जिलिंगच्या टेकड्यांत जोडपोखरी नावाचे एक अगदी लहानसे अभयारण्य आहे, तेथील तळ्यांशी त्यांचे नाव निगडित आहे. महाराष्ट्रात सॅलॅमँडर नसले, तरी त्यांच्याच नशिबाचा एक भागीदार आपल्याकडे आहे. तो म्हणजे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोलीचा भेक.

सावंतवाडी तालुक्यात सह्याद्रीच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर आंबोली वसले आहे. आपल्या वर्ध्यात वर्षाला साधारण १,००० मिलिमीटर पाऊस होतो. आंबोलीत त्याच्या सुमारे सातपट. तेथील डोंगरमाथ्यावर जांभ्या दगडाची सपाट पठारे आहेत. कोकणात त्यांना सडा म्हणतात. उन्हाळ्यात हे सडे काळेठिक्कर, तापलेले आणि निर्जीव दिसतात. जूनमध्ये पहिल्या सरी आल्या की खडकाच्या खोलगट जागांत टीचभर खोलीची पाण्याची थारोळी साचतात. आंबोलीचा भेक नेमका त्याच वेळी बाहेर पडतो. तीन-चार सेंटिमीटर लांबीचा हा प्राणी. अंगाच्या बाजूंवर पिवळे पट्टे. या पट्ट्यांवरूनच त्याला वाघाची आठवण करून देणारे शास्त्रीय नाव मिळाले: झँथोफ्राइन टायग्रिना. २००९ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन झाले. त्याचा एकमेव सख्खा भाऊ म्हणावा असा कोयनेचा भेक १९६३ पासून शास्त्राला ज्ञात आहे.

हा भेक नदीत अंडी घालीत नाही, विहिरीतही नाही. पहिल्या पावसाच्या मोजक्या दिवसांत, खडकावरच्या त्या उथळ थारोळ्यांत तो अंडी घालतो. त्यातून निघालेले भैकेर, ज्यांना आपण बेडूकमासे म्हणतो, काही आठवड्यांत वाढून जमिनीवर यावे लागतात. मध्येच पावसाने उघडीप दिली तर थारोळे आटते आणि सारी पिढी वाळून जाते. वर्षाची सारी कमाई चार दिवसांच्या पेरणीवर अवलंबून असलेल्या कोरडवाहू शेतकऱ्याला ही चिंता समजावून सांगण्याची गरज नाही.

आंबोली व तिच्या निकटच्या परिसराबाहेर हा प्राणी फारसा आढळलेला नाही. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्याला अतिसंकटग्रस्त या वर्गात घातले आहे. पहिल्या पावसाच्या रात्री तो रस्ता ओलांडतो, आणि पावसाळी पर्यटनाच्या गाड्याही त्याच रस्त्यावरून धावतात. सड्यावर बांधकामे होतात, भराव पडतो. सह्याद्रीच्या अशा पठारांत बॉक्साइटही असते, आणि शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यात अनेक ठिकाणी त्यासाठी खाणी खोदल्या गेल्या आहेत. खडकावरचा एक खोलगट भाग बुजविणे ही कोणाच्याही दृष्टीने मोठी घटना नसते. त्या भेकाच्या दृष्टीने ते प्रसूतिगृह बंद पडणे असते.

याच आंबोलीने एक आशादायक गोष्टही दाखविली आहे. तेथील हिरण्यकेशी नदीच्या उगमापाशी सापडलेल्या एका लहान माशाचे वर्णन २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी, २०२१ मध्ये, राज्य शासनाने उगमस्थानाचे २.११ हेक्टर क्षेत्र जैविक वारसा स्थळ म्हणून घोषित केले. बोटाएवढ्या जीवासाठी दोन हेक्टर जागा राखून ठेवता येते, आणि त्यासाठी लागणारा कायदा आपल्याजवळ आहे, हे त्यातून सिद्ध झाले.

वर्ध्याशी याचा संबंध

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. सह्याद्रीचे सडे आपल्याकडे नाहीत. परंतु कागदोपत्री निरुपयोगी ठरलेल्या जमिनीत जीवनाचा खजिना दडलेला असतो, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच आहे. महसुली दप्तरात सड्याला पडीक किंवा पोटखराब म्हटले जाते. आपल्या पूर्व विदर्भात मुरमाड, हलक्या जमिनीवरील खुरट्या झाडोऱ्याची नोंद झुडपी जंगल अशी आहे. या जमिनीच्या कायदेशीर दर्जाचा वाद दशकानुदशके चालला. सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी दिलेल्या निकालात झुडपी जंगल हे वनच मानावे असे स्पष्ट केले. त्याच वेळी १२ डिसेंबर १९९६ पूर्वी झालेल्या वाटपांचा विचार निराळ्या पद्धतीने करण्यास वाव ठेवला. कायद्याचा हा भाग महसूल व वन खात्यांतील अधिकारी जाणतातच. या जमिनीच्या उदरात काय आहे, एवढेच मी सांगणार आहे.

आपल्याकडे काही बेडूक उन्हाळाभर मुरमात स्वतःला पुरून घेतात. जमिनीचा वरचा थर तापलेला असताना खालच्या ओलीत ते महिनोन्‌महिने निपचित राहतात आणि पहिल्या दमदार पावसाला वर येतात. बांधाजवळच्या खळग्यात, पांदणीच्या कडेला, जुन्या खदानीत साचलेल्या पाण्यात त्यांची वीण होते. आपला मोठा बेडूकही याच वेळी दिसतो. एरवी हिरवट असलेला त्याचा नर विणीच्या दिवसांत पिवळाधमक होतो. याच बेडकाचे पाय एके काळी आपल्या देशातून परदेशी जात असत. शेतातील कीड खाणारा हा मजूर हजारो टनांनी निर्यात होत आहे, हे ध्यानात आल्यावर शासनाने १९८७ मध्ये ती निर्यात बंद केली. निर्यातीचा धोका टळला, पण निवासस्थान नाहीसे होण्याचा धोका टळलेला नाही.

आपल्या जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे ६,३०० चौरस किलोमीटर आहे. १९७० मध्ये अभयारण्य आणि २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प म्हणून घोषित झालेल्या बोरचे गाभा क्षेत्र सुमारे १३८ चौरस किलोमीटर असून त्यातीलही काही भाग नागपूर जिल्ह्यात मोडतो. याचा अर्थ असा की, जिल्ह्याच्या बहुतेक जमिनीवरील जीवसृष्टीचे भवितव्य वनरक्षकाच्या हाती नसून ग्रामपंचायतीच्या, शेतकऱ्याच्या आणि तलाठ्याच्या हाती आहे. राखीव क्षेत्र पुरेसे असते असेही मानू नये. कोस्टारिकातील माँतेवेर्दे येथील ढगांच्या अरण्यात सोनेरी रंगाचा एक भेक राहत असे. १९८७ मध्ये विणीच्या वेळी त्याचे १,५०० हून अधिक जीव मोजले गेले. १९८९ मध्ये एकच दिसला, आणि त्यानंतर कोणालाही तो दिसला नाही. ते अरण्य राखीव होते.

दोन शंका आणि त्यांचे उत्तर

पहिली शंका आरोग्याची. डबकी बुजवा, कोरडा दिवस पाळा, असा उपदेश आपण गावकऱ्यांना करतो. मग डबकी राखा असे कसे सांगावे? डेंग्यूचा डास मुख्यतः घरातील व घराभोवतीच्या भांड्यांत, टाक्यांत, टाकून दिलेल्या टायरांत वाढतो. तेथील पाणी काढलेच पाहिजे. वस्तीलगतची, सांडपाण्याची डबकीही बुजवावीत. परंतु वस्तीपासून दूर, झुडपी जंगलात किंवा पडीक रानात पावसाने साचणारे पाणी हा निराळा प्रकार आहे. तेथे बेडूक आणि चतुराच्या अळ्या डासांवर पहारा करीत असतात. डासांच्या अळ्या खाण्यासाठी आपण गप्पी मासे सोडतो. ते वस्तीतील हौद व टाक्यांपुरतेच ठेवावेत; रानातल्या पाण्यात सोडलेले असे मासे बेडकांची अंडी व पिल्लेही फस्त करू शकतात.

दुसरी शंका विकासाची. गावाला घरकुलासाठी जागा हवी, रस्त्याला मुरूम हवा. बेडकासाठी कामे थांबवावीत काय? कोणतेही काम थांबवावे असे मी म्हणत नाही. मुरूम काढण्याची किंवा भराव टाकण्याची जागा ठरविण्यापूर्वी पावसाळ्यात ती एकदा पाहावी, एवढेच माझे म्हणणे आहे. एका गावात मुरूम सापडण्याच्या जागा अनेक असतात. दरवर्षी बेडकांची वीण होणाऱ्या जागा थोड्या असतात. हंगामाच्या आधी थोडा विचार झाला, तर दोन्ही गोष्टी साधतात.

कोणी काय करावे?

पंचायत सदस्यांनी प्रथम जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे लक्ष द्यावे. २००२ च्या जैविक विविधता कायद्याच्या ४१ व्या कलमानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने ही समिती स्थापावयाची आहे, आणि गावाची लोक जैवविविधता नोंदवही ठेवणे हे तिचे मुख्य काम आहे. महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाचे मुख्यालय आपल्या शेजारीच, नागपुरात आहे. नोंदवही कार्यालयात बसूनही भरता येते. पण तशी भरली तर बेडकाच्या नावापुढे ‘आढळतो’ एवढाच शब्द येतो. तो कोठे आढळतो, कोणत्या खळग्यात, कोणत्या गट क्रमांकात, हे लिहिले तरच पुढे जागा ठरविताना त्या नोंदीचा उपयोग होईल. गुराखी आणि शेतमजूर यांना ही माहिती तोंडपाठ असते. त्यांना समितीच्या बैठकीत मानाने बोलवावे.

शिक्षकांना माझी विनंती आहे की, जूनमध्ये शाळा सुरू होतात तेव्हा वर्गात एक साधी वही ठेवावी. पहिला बेडूक कोणत्या तारखेला ओरडला, त्या आधी किती पाऊस झाला, कोणत्या पाण्यात अंडी दिसली, पिल्लांना पाय केव्हा फुटले, ते पाणी केव्हा आटले, हे मुलांनी लिहावे. विद्यार्थ्यांनी प्राणी पकडू नयेत; कान आणि डोळे पुरेसे आहेत. दहा वर्षे अशी वही चालली, तर पावसाच्या बदलत्या वेळापत्रकाचा तो गावाचा स्वतःचा पुरावा ठरेल.

क्षेत्रीय कर्मचाऱ्यांना जलसंधारणाच्या कामांचा चांगला अनुभव आहे. आपल्याच आर्वी तालुक्यातील काकडदरा गावाने २०१७ च्या पाणलोट स्पर्धेत राज्यात पहिला क्रमांक मिळविला. ज्या गावात पाणी थांबते तेथे बेडूकही थांबतो. मात्र प्लॅस्टिकचे अस्तर घातलेल्या, उभ्या व निसरड्या काठांच्या शेततळ्यात पडलेला लहान प्राणी बाहेर येऊ शकत नाही. काठावरून पाण्यात सोडलेला एखादा जाड दोर किंवा गोणपाटाची पट्टी, हा उपाय जवळजवळ फुकट आहे. नाला खोल करताना एका बाजूचा काठ उतरता ठेवावा. रस्त्याखालील मोऱ्या गाळाने भरू देऊ नयेत, कारण पावसाळी रात्री त्याच लहान जीवांच्या वाटा असतात.

शेवटची गोष्ट फवारणीची. ज्या त्वचेतून प्राणवायू आत जातो, तिच्यातून विषही आत जाते. बेडकाची त्वचा आपल्याहून कितीतरी पातळ असल्याने त्याला विष लवकर बाधते. पण मनुष्याची त्वचाही अभेद्य नाही. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले, ही घटना आपण विसरलेलो नाही. नाल्याच्या व पाण्याच्या काठाची पट्टी फवारणीतून वगळणे, फवारणीचे पंप वाहत्या पाण्यात न धुणे, या सवयी माणूस आणि बेडूक या दोघांच्याही हिताच्या आहेत.

मित्रहो, याच वर्ध्यात मगनवाडीत ग्रामोद्योगांचे काम करणारे डॉ. कुमारप्पा यांनी स्थायी अर्थव्यवस्थेचा विचार मांडला. निसर्गाचे भांडवल खाऊन उभारलेली समृद्धी टिकत नाही, हे त्या विचाराचे सार आहे. गावच्या रानातला ओलावा हे असेच भांडवल आहे. तो आटत चालल्याचे विहिरीच्या आधी बेडकाला कळते, कारण ओलावा हाच त्याचा श्वास आहे. येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या शिवारातील अशी एक तरी जागा शोधून तिची नोंद करावी, आणि तेथे भराव पडणार नाही याबद्दल ग्रामसभेत ठराव करावा, अशी मी आपणा सर्वांना विनंती करतो.